रकान्यातली आठवी

टेबलक्लॉथांच्या घड्यांखाली हात घातला तर हाताला लाकूड लागलं. कप्प्याचा तळ, गार आणि गुळगुळीत. मी हात बाहेर काढला, एप्रनला पुसला, जणू हाताचंच काही चुकलं असेल, आणि पुन्हा घातला. आईच्या हातचं भरतकाम असलेले सहा टेबलक्लॉथ होते, सुक्या लव्हेंडरची पुरचुंडी होती, मी मेल्यावर मला घालायचा काळा स्कर्ट आणि काळा रुमाल होता. पुस्तक नव्हतं. मंगळवारची दुपार, खाली ट्रामची घंटा वाजली, स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता, आणि मी गुडघ्यांवर तशीच बसून राहिले. ते पुस्तक मी वाचायला कधीच काढत नाही. ते आहे एवढंच बघते. देवळात जाणारी बाई मूर्तीशी बोलतेच असं नाही, दिवा जळतोय ना एवढं बघून परत फिरते, तसं. हिरव्या पुठ्ठ्याचं कामाचं पुस्तक. आमच्या देशात त्या काळी प्रत्येकाचं असायचं. कुठल्या दिवशी कामाला लागलीस, कुठल्या पगारावर, कधी बढती मिळाली, सगळं कारखान्याच्या शाईत, शिक्क्यासकट. व्हेतुरिया सलाजान. पावाचा कारखाना. आधी गाडे ढकलणारी, मग भट्टीवाली, मग कणकेची मुख्य. आणि पहिल्याच पानावर वरून चौथ्या ओळीत, शिक्षणाच्या रकान्यात: आठ इयत्ता.

मी चार शिकले. ते पुस्तकाला ठाऊक नाही, मला ठाऊक आहे, आणि ते कोर्नेआबाईंना ठाऊक होतं, त्या मेल्या. गावातली शाळा चौथीपर्यंतच होती, पुढची ओढ्यापलीकडच्या गावात. माझी आई त्याच वर्षी गेली आणि मागे तीन लहान भावंडं, सोळा बदकं आणि माझा बाप. बापानं माझं दप्तर खिळ्याला टांगलं ते टांगलं. पुढे कारखान्यात पाच वर्षं गाडे ढकलले, आणि मग कणीकवाला मिहुत्झ हात कापला जाऊन घरी बसला आणि हातानं कणीक ओळखणारं माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. कोर्नेआबाई कर्मचाऱ्यांची पुस्तकं सांभाळायच्या. खिडकीशी बसलेल्या होत्या, बोटाला शाई. म्हणाल्या, "व्हेतुरिया, किती शिकलीस?" म्हटलं, "चार." म्हणाल्या, "चार चालत नाही." मग त्या "आठ" असं म्हणाल्या, मला नव्हे, पेनाला, आणि लिहिलं. आठचा आकडा लिहायला त्यांनी फार वेळ घेतला. खालचा गोळा काढून वर गेल्या, थांबल्या, मग वरचा गोळा बंद केला. मी त्यांना काही दिलं नव्हतं. पुढे कितीतरी महिने मी वाट बघितली की आज मागतील, उद्या मागतील. कधीच काही मागितलं नाही. माणसाच्या तोंडाकडे आधी आणि हाताकडे नंतर बघायची सवय मला तेव्हापासून लागली. बाजारात कुणी गोड बोललं की मी त्याच्या तराजूकडे बघते.

तर पुस्तक कुणी घेतलं हे मला कप्पा उघडा असतानाच कळलं. घरात तिघं. मी, माझा त्रायान आणि त्याची बायको ओतिलिया. त्रायानला स्वतःचे मोजे सापडत नाहीत. महिन्यापूर्वी आमच्या बेकरीचे मालक ओर्टनर यांनी सगळ्यांना भट्टीसमोर उभं करून सांगितलं होतं की ते दुकान विकतायत. घेणारी कंपनी मोठी आहे, भट्टीवर आणि कणकेवर फक्त कागद असलेली माणसं ठेवणार, बाकीच्यांनी ट्रे धुवायचे किंवा घरी जायचं. बाकीचे म्हणजे मी. बारा वर्षं लिन्झ शहरातल्या त्या भट्टीवर मी 'मदतनीस' म्हणून उभी आहे. मदत कुणाला करते विचारा. ओर्टनरचा मास्टर, म्हणजे कागदवाला मुख्य पाववाला, कॉफी पीत असतो तेव्हा कणकेला कोण विचारतं, झाली का गं तू तयार? मी त्या दिवशी घरी येऊन एवढंच बोलले की पाय दुखतायत. पण ओतिलियाला बातमी लागली, तिला कशी लागली देव जाणे, आणि जेवताना ती म्हणाली, "आई, तुमच्या कामाचा कागद इथे मान्य करून घेता येतो. मी बघते." मी सूप ढवळत होते. म्हटलं, "बघ बाई. तुला बघायची सवय आहे."

याचा अर्थ तिला कळला. कळावा म्हणूनच बोलले. ती याश शहरातली, आमच्या डोंगरापलीकडची, त्या बाजूचे लोक गोड बोलतात आणि पोळीत साखर घालतात. तिथल्या इस्पितळात ती सहा वर्षं नर्स होती, मुख्य नर्स होणार होती, असं तीच सांगते. इथे आली तेव्हा तिचा डिप्लोमा इथे कुणी ओळखेना. तीन वर्षं तिनं इस्पितळाची फरशी पुसली, ज्या वॉर्डात सुई टोचता आली असती त्याच वॉर्डात बादली धरली. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कागद पसरायची. भाषांतर, भाषांतरावर शिक्का, शिक्का खरा आहे याचा दुसरा शिक्का. एकही दिवस रडली नाही, कागदांना टाचण्या लावायची. आणि मी एकदा, भाजी चिरता चिरता, म्हणाले होते, "एवढी शिकलीस आणि शेवटी बादलीच धरलीस." टाचणी तिच्या बोटात गेली, तिनं बोट तोंडात घातलं आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी विसरले असेन असं तिला वाटतं का? मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. मी थांबले असते. दहा वर्षं थांबले असते, आणि मग एके दिवशी सासूच्या कप्प्यात हात घातला असता.

मी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे पुस्तकाला मी इतकी का जपते ते सांगायचं. कप्पा बंद केला, उठले, कोबीचं पान पान सोडवायला बसले. संध्याकाळी ती आली, बूट काढले, म्हणाली, "आज लवकर आलात का आई?" मी म्हटलं, "मी नेहमीच लवकर येते. तुमच्या लक्षात उशिरा येतं." तिचा चेहरा मी बघत होते. चेहरा साधा होता. साध्या चेहऱ्याचा मला जास्त संशय येतो. मग रोज मी तिच्या मागावर. ती न्हाणीघरात फोनवर जर्मनमध्ये बोलायची, नळ सोडून, आणि नळाच्या आवाजातून मला एकच शब्द ऐकू यायचा: शाळा. पुन्हा शाळा. एकदा तिची पिशवी खुर्चीवरून घसरली आणि आतून एका पाकिटाचा कोपरा दिसला, त्यावर आमच्या देशाचं तिकीट, आणि शिक्का आमच्या तालुक्याचा. मी वाचायला हळू आहे पण ते नाव मी अंधारातसुद्धा ओळखेन. तिथे तिचं कोण आहे? कुणी नाही. तिथे फक्त माझी शाळा आहे, तीही बंद पडलेली, आणि बंद पडलेल्या शाळांच्या वह्या कुठल्यातरी कचेरीत पडलेल्या असणार, त्यात माझं नाव, चार वेळा, पाचव्यांदा नाही. पिशवी मी उचलून खुर्चीवर ठेवली, पाकिटाला बोट लावलं नाही. त्रायानला म्हटलं, "तुझी बायको माझ्या मागे काय करतेय?" तो टीव्ही बघत म्हणाला, "आई, तुला ना, मिठाचासुद्धा संशय येतो." म्हटलं, "मीठ मी स्वतः चाखते म्हणून तू आजवर नीट जेवलास." तो हसला. त्याच्या बापासारखा हसतो.

आणि मग तिनं सांगितलं की परीक्षा आहे. कागद नसलेल्यांसाठी, किंवा अपुरे असलेल्यांसाठी, असं म्हणाली, आणि 'अपुरे' म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही. मास्टर लोकांच्या मंडळाकडून एक माणूस येणार, ओर्टनरच्याच भट्टीवर, दुपारी काम संपल्यावर. तो बघणार, मी करायचं. दोन पाव त्यांच्या पद्धतीचे, एक माझ्या मनाचा. तोंडी प्रश्नांना दुभाषी लागेल, ती येईल, तिनं सुट्टी घेतली आहे. "तुला कशाला त्रास," मी म्हटलं. "त्रास कसला," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "आई, एक सांगू? तिसरा पाव तुमचा तो काळा नका करू. साधा राय धान्याचा करा. त्यांना तो कळायचा नाही." बस. एवढं ऐकलं आणि मी ठरवलं. लग्नाआधी ती पहिल्यांदा आमच्या गावी आली होती तेव्हा मी तिच्यासाठी काळा पाव केला होता. आमच्या खोऱ्यात बटाट्याचा मोठा पाव असाच करतात. भट्टी इतकी तापवायची की आत हात धरून तीनपर्यंत मोजता येऊ नये, आणि पाव बाहेरून कोळसा होऊ द्यायचा. पूर्ण काळा. मग गरम असतानाच दांडक्यानं झोडायचा, कोळशाचे ढलपे उडून जातात आणि खाली मधासारखी साल निघते, जाड, आणि आतला गर आठ दिवस ओला राहतो. मी पाव बाहेर काढून दांडकं आणायला परसात गेले. परत आले तर टेबल रिकामं. ओतिलिया दारात उभी, हात पुसत. "आई, वाईट वाटून घेऊ नका हं, पाव करपला होता. मी कोंबड्यांना टाकला, तुम्हाला बघायला नको म्हणून." कोंबड्या त्याभोवती गोळा होऊन चोची मारत होत्या. दांडकं माझ्या हातात. माझा नवरा तेव्हा जिवंत होता, तो हसून हसून विहिरीच्या कठड्यावर बसला. मी हसले नाही. आता ही म्हणते काळा नका करू. का? साधा केला की मी साधी मदतनीस ठरेन म्हणून? का माझ्या हातचं जे एकमेव दुसऱ्या कुणाला येत नाही तेच लपवायचं? मी म्हटलं, "बघू." आणि शनिवारी जाऊन पिठूळ बटाटे आणले, दोन किलो, एकेक दाबून.

परीक्षेला आलेला माणूस चाळिशीचा, लेटनर नावाचा, केस बारीक कापलेले, पांढरा कोट इस्त्रीचा. हात पीठवाल्याचेच होते, ते मी आधी बघितलं. पण त्याच्या एका हातात पुठ्ठ्याला लावलेला कागद आणि खिशात पेन, आणि मी काही केलं की तो लिहायचा. पाण्यात मी कोपर बुडवलं. त्यानं थर्मामीटर बुडवला. बघितलं, लिहिलं. पीठ मी ओंजळीनं घेतलं, मग त्याच्या समाधानासाठी काट्यावर टाकलं, काटा जिथे थांबायला हवा तिथे थांबला. लिहिलं. "हा काय लिहितो इतकं?" मी ओतिलियाला आमच्या भाषेत विचारलं. "तुम्ही करताय ते," ती म्हणाली. "मी करतेय ते मी करतेय, लिहून काय होणार?" ती म्हणाली, "आई, नका बोलू, कणकेकडे बघा." कणकेकडे बघा, मला! त्यांचे पाच पाकळ्यांचे छोटे पाव मी वळले, बारा वर्षं मास्टर कॉफी पीत असताना वळले तसे, मोजून पन्नास, सगळे एका आईचे. राय धान्याचा पावही झाला. लेटनर मान हलवत होता. ओर्टनर दाराशी उभे होते, त्यांनी बोटानं मला खूण केली, छान चाललंय. मग मी बटाट्याच्या कणकेवर हाताच्या कडेनं क्रूस काढला, आई काढायची तसा, आणि भट्टी वाढवली. लेटनरनं आकडा बघितला आणि ओतिलियाकडे बघितलं. ओतिलियानं डोळे मिटले. एकदाच, क्षणभर. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

वास आधी गोड येतो. मग भाजका. मग त्या वासात कडूपणा शिरतो आणि जो शिकलेला नाही तो तिथे घाबरतो. लेटनर जवळ आला. "फ्राऊ सलाजान, जळतंय." मी म्हटलं, "जळू दे." तेवढं जर्मन मला येतं. तो म्हणाला, "मी काढू?" आणि त्याचा हात भट्टीच्या कड्याकडे गेला, आणि मी मध्ये उभी राहिले. त्रेसष्टाव्या वर्षी, पाठीला भट्टी, समोर मंडळाचा माणूस. "हात लावायचा नाही," मी म्हणाले, या वेळी आमच्या भाषेत, पण ते त्याला कळलं. भट्टीच्या काचेतून धूर दिसत होता. ओर्टनर आत आले, काहीतरी भराभर बोलले, लेटनरनं खांदे उडवले, पेन काढलं आणि कागदाच्या खालच्या बाजूला टेकवलं. ते पेन मी ओळखलं. म्हणजे तसंच टेकलेलं पेन मी आधी बघितलं होतं, खिडकीशी, शाई लागलेल्या बोटांत. तेव्हा ते माझ्या बाजूनं खोटं लिहिणार होतं, आता माझ्या विरुद्ध खोटं लिहिणार होतं. माझ्याबद्दल खरं असं कुणी कधी लिहिलंच नाही का? मला रडू येईल असं वाटलं आणि म्हणून मी जास्तच ताठ उभी राहिले. तेवढ्यात ओतिलिया बोलली. तिचं जर्मन स्वच्छ आहे, इस्पितळातलं, मला बरंचसं समजलं. "थांबा," ती म्हणाली. "लिहू नका. मीही एकदा हीच चूक केली होती. करपला म्हणून मी कोंबड्यांना टाकला. पंधरा वर्षं झाली, यांनी मला अजून माफ केलं नाही." लेटनरचं पेन वर आलं. ओर्टनर हसले. मी हसले नाही, पण भट्टीपासून बाजूला झाले, कारण वेळ झाली होती.

लांब दांड्याच्या फावड्यावर पाव बाहेर आला, काळा, तडकलेला, स्मशानातनं आणल्यासारखा. दांडकं मी घरून आणलं होतं, पिशवीत, टॉवेलात गुंडाळून. झोडायला लागले. पहिल्या तडाख्याला ढलपे उडाले, लेटनरच्या कोटावर गेले, त्यानं झटकले नाहीत. फिरवायचा आणि मारायचा, फिरवायचा आणि मारायचा, आवाज पोकळ यायला लागेपर्यंत. माझा खांदा दुखत होता आणि मी कुणाला मारत होते ते मला नीट सांगता यायचं नाही. कोर्नेआबाईंना, बापाच्या खिळ्याला, डोळे मिटणाऱ्या सुनेला. शेवटी पाव तसाच निघाला जसा निघायला हवा. लेटनरनं त्यावर बोटाची गाठ वाजवली, कान लावला. कापला. वाफ गेली. गर त्यानं दोन बोटांत दाबला, सोडला, तो परत वर आला. मग खाल्ला, आणि खाताना काही लिहिलं नाही. दुसरा तुकडा घेतला. "हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "आईनं." ओतिलियानं भाषांतर करायची गरज नव्हती, तरी तिनं केलं.

मग आम्ही ओर्टनरच्या छोट्या खोलीत बसलो आणि तो कागद टेबलावर आला. नाव, जन्माचं वर्ष, गाव. ओतिलिया सांगत होती, तो भरत होता. तिची पिशवी तिच्या मांडीवर, तिच्या दोन्ही हातांखाली. पाकीट त्यातच होतं, मला माहीत होतं, जसं चूल न बघता तापलीय ते माहीत असतं. "शालेय शिक्षण," लेटनर म्हणाला. "किती वर्षं?" ओतिलियानं तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्याकडे वळली. भाषांतर केलं नाही. नुसती बघत राहिली, टाचणी बोटात गेली होती तेव्हा बघितलं होतं तशी, आणि मला कळेना की ती मला फास लावून देतेय की हात देतेय. दोन्हीत माणूस सारखाच दिसतो. आठ म्हटलं तर तिच्या पिशवीतून चार निघतील. चार म्हटलं तर त्या माणसाचं पेन थांबेल, चार चालत नाही म्हणेल, आणि उद्यापासून ट्रे. नखांत कोळसा भरला होता. अडतीस वर्षं मी ज्या आकड्यावर पहारा दिला तो माझ्या जिभेवर आला, गोल, दोन गोळ्यांचा, सवयीचा. आणि मला त्याचा एकदम कंटाळा आला. दुसरं काही नाही, कंटाळा.

"चार," मी म्हणाले. जर्मनमध्ये, मोठ्यानं.

त्यानं चार लिहिला. कोर्नेआबाईंना आठ लिहायला जेवढा वेळ लागला होता त्याच्या चौथ्या हिश्शात. पेन थांबलं नाही, वर बघितलं नाही, पुढच्या ओळीवर गेलं. "भट्टीवर किती वर्षं?" "छत्तीस." तेव्हा मात्र त्यानं मान वर केली, माझ्या हातांकडे बघितलं, आणि हळूच, दोन्ही आकडे नीट काढून, छत्तीस लिहिलं. म्हणाला, कागद पोस्टानं येईल, पाचसहा आठवडे लागतात, तोवर नव्या मालकांनी विचारलं तर त्याचा फोन नंबर द्यायचा. उरलेला अर्धा पाव न्यायची परवानगी मागितली.

बाहेर ट्रामच्या थांब्यावर आम्ही दोघी बाकावर बसलो. तिनं पिशवी उघडली, हिरवं पुस्तक काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. त्यात खुणेसाठी घालतात तसं ते पाकीट घातलेलं. "हे मी मान्यतेसाठी पाठवलंच नाही," ती म्हणाली. "शाळेचा दाखला आधी मागवला. तो आला, त्यात चार. पुस्तकात आठ. दोन्ही एकत्र गेले असते तर तुमचं पुस्तकच खोटं ठरलं असतं. म्हणून बिनकागदाच्या वाटेनं अर्ज केला."

"तीन आठवडे तुला ठाऊक होतं."

"हो."

"आणि बोलली नाहीस."

"तुम्ही बोललात?"

मी पुस्तक चाळलं नाही. पुठ्ठ्यावर हात ठेवला, माझ्या हाताचा कोळसा त्याला लागला. "आणि मी आठ म्हटलं असतं तर?"

"तर मी आठ सांगितलं असतं," ओतिलिया म्हणाली. "त्या रकान्याकडे कुणी बघतच नाही, आई. तो नुसता भरायचा असतो."

ट्राम आली. आम्ही उठलो नाही. अडतीस वर्षं, आणि त्याच्याकडे कुणी बघतच नाही. मला तिचा फार राग आला. राग तिचा होता की नाही तेही कळेना. एप्रन घाईत काढायचं राहून गेलं होतं, त्याच्या खिशात ढलपे होते, बसताना ते खाली सांडले आणि कुठूनतरी दोन कबुतरं आली, मान वाकडी करून बघायला लागली. ओतिलियानं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या तोंडाचा एक कोपरा हलत होता.

"टाक," मी म्हटलं. "तुला सवय आहे."

तिनं माझ्या खिशात हात घातला.